तीन पोत्यांऐवजी एक

हातिमला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या आठ दिवसांच्या मेहनतीवर माझी आई मीठ ओतत होती.

आता यात दोष माझा किती आणि आईचा किती, ते तुम्हीच ठरवा. सकाळी मी मक्यात तण काढायला गेले होते. मका गुडघ्याएवढा झालेला, पानांवर दव, आणि बांधावर बगळे माझ्या मागेमागे. वाकून बघते तर दोन ओळींच्या मध्ये एक प्लास्टिकची बाटली मातीत रोवलेली! तळ कापलेला, आत दोऱ्याने लटकवलेली ओलसर स्पंजची पट्टी. बाहेर एक कागद चिकटवलेला, कागदावर चौकोन, आणि चौकोनाच्या घराघरात आकडे. पुढे गेले तर दुसरी. मग तिसरी. अशा बारा.

आमच्या कफ्र शनावी गावात दोरा, चौकोनातले आकडे आणि शेतात पुरलेली वस्तू म्हटलं की शेंबडं पोरही सांगेल — करणी! त्यात मी सत्तावीस वर्षांची आणि अजून बिनलग्नाची. आईने बाटली बघितली मात्र, दोन्ही हातांनी ऊर बडवायला सुरुवात केली.

"तरीच! तरीच म्हणते मी, तीन-तीन स्थळं उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी का गेली! कुणीतरी तुझं लग्न बांधून ठेवलंय गं, रावया!"

"आई, त्यातली दोन मीच माघारी पाठवली."

"तेच तर म्हणते! करणीशिवाय कुठली मुलगी चांगली स्थळं माघारी पाठवेल?"

करणीवर उतारा एकच, मिठाचं पाणी. कालव्याच्या काठी तुतीच्या झाडाखाली आईने कपडे धुवायचं घमेलं मांडलं, बाराच्या बारा पट्ट्या त्यात बुडवल्या, आणि वरून मूठमूठ मीठ टाकत ती सगळ्या शेजारणींची नावं घेऊन शिव्या देऊ लागली. मी आपली ढवळत होते.

"अहो! अहो बाई! थांबा — थांबा हो!"

बांधावरून एक उंच, सडपातळ माणूस चष्मा सावरत धावत येत होता. सायकल त्याने वाटेतच टाकून दिली होती. शेवटची चारी उडी मारून ओलांडायला गेला आणि थेट गुडघ्यापर्यंत चिखलात. मला हसू आवरेना. आईला मात्र रागच आला.

"या बाटल्या तुझ्या?"

"माझ्या… हो."

"म्हणजे करणी तू केलीस? माझ्या लेकीने तुझं काय घोडं मारलं होतं रे मेल्या?"

तो चिखलात उभा. एकदा घमेल्याकडे बघितलं, एकदा आईकडे, मग माझ्याकडे. "मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "मी… मी खताचा अभ्यास करतो. करणी मला येत नाही."

तेवढ्यात बाबा कमरेवर हात ठेवून कण्हत कण्हत आले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आठवड्यापूर्वी चहाच्या दुकानात पत्त्यांचा डाव रंगलेला असताना या शेतकी केंद्राच्या इंजिनिअरने त्यांना विचारलं होतं. आमच्याकडे शेतकी शिकलेल्यालाही इंजिनिअरच म्हणतात. बाबांनी "घाल काय घालायचं ते" म्हणून परवानगी दिली होती, आणि डाव संपेपर्यंत विसरूनही गेले होते.

"आठ दिवस," इंजिनिअर घमेल्यातली एक पट्टी उचलून म्हणाला. "खत टाकल्यापासून मातीतून जो वायू उडून जातो, तो ही पट्टी धरून ठेवते. मग आम्ही मोजतो, किती गेला ते. आता मोजलं तर…" त्याने पट्टी पिळली. "तर मावशींचं मीठ किती ते कळेल."

बघा, दुसरा कुणी असता तर आकाशपाताळ एक केलं असतं. हा चिखलाने भरलेल्या पायांनी खाली बसला आणि एकेक बाटली पुसून पिशवीत भरू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुन्हा लावता नाही येणार?" मी विचारलं.

"मक्याला खत दोनदाच पडतं. पहिली वेळ गेली. आता दुसऱ्या पाण्याच्या आधीची."

"मग दुसऱ्या वेळी राखण मी करीन. मुंगी शिवणार नाही तुमच्या बाटल्यांना."

त्याने वर बघितलं. चष्म्यावर चिखलाचा शिंतोडा होता, आणि त्याच्या मागचे डोळे — जाऊ दे, मला तेव्हा वर्णन करायला फुरसत नव्हती. "नाव काय तुमचं?" तो म्हणाला.

"रावया. आणि तुमचं?"

"हातिम. चहा मिळेल का? बिनमिठाचा?"

* * *

त्या चहावर मला पहिल्यांदा कळलं की आपण जो युरिया फेकतो, त्यातला बराचसा मक्याच्या मुळांना भेटतच नाही. उन्हात मातीवर पडून राहिला तर हवा होऊन जातो, आणि वरून मोकाट पाणी सोडलं की उरलेल्यातला खाली झिरपून निचऱ्याच्या चरात जातो. "मका उपाशी, हवा जेवली," हातिम म्हणाला. "आणि चरातलं शेवाळ तर बाळसं धरतं."

मला ते बोलणं लागलं, कारण त्या शेतावर माझं सगळं अडकलं होतं. आमची जमीन जेमतेम दोन फद्दान, म्हणजे दोनेक एकर. बाबांची कमर गेल्यापासून दहा वर्षं ती मीच करतेय, पाण्याची पाळी, पेरणी, गहू, चारा, सगळं; खत फेकणं तेवढं बाबांकडे. पण बाबांच्या डोक्यात एकच: "तू आज ना उद्या सासरी जाशील, मग?" शेजारचे हाज मुरसी कागद घेऊन टपलेलेच होते. या मक्याचा हंगाम संपला की जमीन त्यांना खंडाने द्यायची, असं बाबांनी जवळजवळ ठरवलं होतं. सगळं गाव मला विचारायचं, लग्न कधी. शेत गेल्यावर मी दिवसभर करणार काय, हे एकालाही सुचलं नाही.

म्हणून त्या संध्याकाळी मी बाबांसमोर उभी राहिले. "दुसऱ्या वेळेला तुम्ही नेहमीसारखी एका फद्दानात तीन पोती फेका. दुसऱ्या फद्दानात मी एकच घालीन, इंजिनिअर सांगतील तशी. माझा मका तुमच्यापेक्षा एक दाणा जरी कमी भरला, तर द्या जमीन हाजना. नाहीतर कागद फाडायचा."

"एकच पोतं?" बाबा हसले. "अगं, उंदीर तरी जगेल का त्यावर?"

"एक दाणा," मी पुन्हा म्हणाले. माझी जीभ अशीच आहे, धावते आणि मग मला ओढत नेते.

हातिमला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. "एक दाणा कशाला म्हणालात? थोडं इकडेतिकडे होतं हो शेतात!"

"तुमचा तुमच्या विद्येवर विश्वास नाही?"

"विद्येवर आहे," तो म्हणाला. "तुमच्या जिभेची भीती वाटते."

* * *

पद्धत काही नवी नव्हती, माझी आजीही तसंच करायची. माणसं महाग झाली आणि लोक मुठीने फेकू लागले. प्रत्येक रोपाच्या बाजूला काठीने भोक पाडायचं, बाटलीचं अर्धं टोपण खत घालायचं आणि पायाने माती लोटून बुजवायचं. फद्दानात वीसेक हजार रोपं. मी, आई, गल्लीतल्या चार बायका, आणि हौसेने आलेले इंजिनिअर. तीन दिवस कंबरडं मोडेस्तोवर काम.

पहिल्या दिवशी मी त्याच्या हातावर चापटच मारली.

"इतक्या जवळ? बुंधा भाजून निघेल! चार बोटं लांब."

"पुस्तकात दहा सेंटिमीटर लिहिलंय."

"मग दाखवा बघू दहा सेंटिमीटर, पट्टी न घेता."

त्याने अंदाजाने बोट टेकवलं. मी शेजारी माझी चार बोटं ठेवली. अगदी तेवढंच अंतर! आमचे हात मातीत शेजारीशेजारी… आणि दोघांनाही ते उचलायचं सुचेना. शेवटी पलीकडच्या ओळीतून आई खाकरली.

"इंजिनिअर, तुमची ओळ बघा! बायका पुढे गेल्या."

तो खरंच मागे पडायचा. पण काय सांगू, त्या माणसाने एक रोप सोडलं नाही. सगळ्या बायका सावलीत जाऊन बसल्या तरी हा आपला ओळ पुरी करायचा. हातांना फोड आले होते, तक्रार नाही. मला सांगायला लाज वाटत नाही, मी त्याच्याकडे बघत राहायची. पुस्तकं शिकलेले खूप पाहिले होते मी, शेतकी केंद्रातून मोटारीने यायचे, काचेतून हात दाखवायचे, जायचे. मातीत गुडघे टेकणारा हा पहिलाच.

तिसऱ्या दिवशी बाबांनी कुशीत पोतं धरून, कमरेला फडकं बांधून, आपल्या फद्दानात तीन पोती फेकली. लगेच पुढच्या दिवशी आमची पाण्याची पाळी होती.

पाणी आलंच नाही. वरच्या अंगाला कालव्याचं दार अडकलं म्हणे. एक दिवस गेला, दोन गेले. आमचं शेत कालव्याच्या शेवटाला, आम्हाला पाणी नेहमी शेवटी. सहा दिवस ऊन नुसतं ओकत होतं, आणि रात्रीच्या दवाने बाबांच्या फद्दानातले पांढरे दाणे विरघळून मातीला चिकटत होते.

त्या सहा दिवसांत हातिम रोज सकाळी सातला यायचा. मी वही धरायची, तो बाटल्या बघायचा. बाबांच्या बाजूला वाकलं की नाकात झणका बसायचा, डोळ्यांत पाणीच. माझ्या बाजूला मी मुद्दाम जमिनीला नाक लावलं. नुसता मातीचा वास. हातिमने रंग बदलणारे दोन ओले कागद काढले, एक इकडे धरला, एक तिकडे. बाबांच्या बाजूचा बघता बघता निळा झाला. माझा जवळजवळ होता तसाच राहिला.

मी आनंदाने टाळीच वाजवली आणि दोन्ही कागद घेऊन बाबांकडे पळाले.

"कागद काय दाखवतेस?" बाबांनी नाक उडवलं. "मका कागद खातो का? वजनाच्या दिवशी बोल."

परत आले तर हातिम तुतीखाली बसून आईने पाठवलेला फितीर, आमची पदरांची तुपाळ पोळी, खात होता. तुपाने ओठ चमकत होते. आईचं मन कधी पालटलं, मला कळलंच नव्हतं. पहिल्या दिवशी पाव आणि कांदा, दुसऱ्या दिवशी जुनं चीज, आणि आता घडीघडीचा फितीर! मी घरी जाऊन म्हटलं, "काय गं, करणी करणाऱ्याला एवढं तूप?"

"करणी चांगल्या माणसाची निघाली," आई पीठ मळता मळता म्हणाली, "तर उतारा कशाला काढू?"

मी लाजले आणि पाण्याची घागर उचलायला गेले. ती आधीच भरलेली होती.

सातव्या दिवशी पाणी आलं. हातिम माझ्याबरोबर चारीत अनवाणी उभा राहिला. पाणी मोकाट सोडायचं नाही, हे त्याने शिकवलं, आणि फावड्याने ते कसं वळवायचं, हे मी. एकदा पाणी फुटलं तसे आम्ही दोघंही बांध घालायला धावलो आणि नखशिखांत भिजलो. तो हसत सुटला. ओले केस कपाळावर, चष्मा हातात, चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं त्याला…

"रावया? कुठे आहात?"

"इथेच," मी म्हणाले. तो वळला, अगदी जवळ. मी मागे सरकले नाही.

* * *

ऑगस्टचं कडक ऊन पडलं. मका डोक्यावर गेला, कणसं भरली, वाळली. तोडणी झाली. दोन्ही फद्दानांची कणसं गच्चीवर वेगवेगळी वाळवली. टोपल्या वर चढत होत्या तेव्हा बाबा दाराशी बसून होते, प्रत्येक टोपलीमागे एक दाणा मांडीवर टाकत. त्यांची ही जुनीच सवय, कुणी लक्ष दिलं नाही.

वजनाच्या दिवशी सोसायटीचा काटा अंगणात आला. हाज मुरसी खुर्चीवर, कागद खिशात. वजन करणारा नुसता पोती चढवायचा आणि उतरवायचा. काटा वाचायला आणि लिहायला एकटा हातिम. बाबांना आकडे वाचता येत नाहीत, हाजना चष्म्याशिवाय दिसत नाही. मी तर काट्याकडे बघायलाच तयार नव्हते. मी बघत होते हातिमच्या चेहऱ्याकडे.

दुपार झाली. शेवटचं पोतं उतरलं. त्याने बेरीज केली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली.

"बयूमीकाका," तो बाबांना म्हणाला, "तुमच्या फद्दानात साडेबावीस अर्दब." त्याने पेन्सिल कानावर ठेवली, परत काढली. "रावयाच्या… बावीस."

अर्धा अर्दब! पाच अर्दब कमी असते तर एक वेळ समजलं असतं. अर्धा म्हणजे एक मोठं पोतं. हाज मुरसी हसत उठले आणि खिशातून कागद काढला. मी हातिमकडे बघितलं. त्याने एक आकडा बदलला असता, एकच — अल्लाशपथ, या अंगणात कुणाला कळलं नसतं. आणि त्याला ठाऊक होतं, माझं काय जातंय ते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रागाचंच होतं ते. आणि त्या रागाखाली, खोटं कशाला बोलू, अभिमानही होता. तो मला तेव्हा नको होता, तरी होता.

"आण इकडे, मुरसी," बाबा म्हणाले.

हाजनी कागद दिला. बाबांनी तो मांडीवर ठेवला, पण अंगठा पुढे केला नाही. खिशातून मक्याच्या दाण्यांची दोन पुरचुंड्या काढून त्यांनी कागदावर ओतल्या. दोन छोटे ढीग.

"माझ्या टोपल्या तिच्याहून थोड्या जास्त चढल्या, हे मला आठ दिवसांपासून माहीत होतं. मी वाट बघत होतो, हा मुलगा काय सांगतो त्याची." ते हातिमकडे वळले. "तू तिचा मका जास्त आहे म्हणाला असतास ना, तर याच क्षणी अंगठा लावला असता मी. आणि तुला कालव्यात बुडवला असता."

हातिमने वही मिटली.

"आता सांग. मी दोन पोती जास्त टाकली. त्याचा मला अर्धा अर्दब मिळाला. बाकीचं खत गेलं कुठे?"

"काही हवेत, काका. काही चरात."

बाबा स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होते. "तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षं मी या हातांनी हवेला खाऊ घालतोय. आणि ही पोरगी एका पोत्यात बावीस काढते!" त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले, मग चार. "मुरसी, घरी जा. शेत रावया करील. पैज हरली ती, खरंय. पण पैज मीच कबूल केली होती, ती मीच सोडतो."

आईने दारातूनच आनंदाची लांबलचक ललकारी दिली. हाज मुरसी पुटपुटत गेले. मी सरळ कालव्याकडे गेले, तुतीच्या सावलीत. मागून पावलं वाजली.

"रागावलात?" हातिम म्हणाला.

"हो."

"बरोबर आहे."

"बाबांना आधीपासून ठाऊक आहे हे तुला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे माझं शेत जातंय असं समजूनच तू तो आकडा सांगितलास?"

"हो." तो माझ्याकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता. "तिसऱ्यांदा बेरीज केली ना, तेव्हा आकडा बदलावा असं वाटलं होतं, रावया. खूप वाटलं. पण मग… खोटं बोलून तुमचं शेत राखलं असतं, तर पुढे चाळीस वर्षं रोज सकाळी तुमच्या तोंडाकडे कसं बघितलं असतं मी?"

मी थबकले. "कुठली चाळीस वर्षं?"

आणि तेव्हा त्याला कळलं, आपण काय बोलून गेलो. कानापर्यंत लाल झाला. चष्मा काढला, पुसला, परत उलटाच घातला. "म्हणजे… मी असं… म्हणजे केंद्राने मला याच भागात ठेवलंय, आणि तुमचं शेत सोडायला मी तुम्हाला कधीच सांगणार नव्हतो, मीच इकडे… मी काकांना रीतसर विचारणार होतो. गुरुवारी. मिठाई पण सांगून ठेवलीय. पण आधी तुम्हाला…"

मी हात पुढे केला आणि त्याचा चष्मा सरळ केला. माझ्या बोटांना मक्याचा भुसा लागला होता, त्याच्या गालाला लागला. माझा सगळा राग कुठे गेला, देव जाणे.

"हातिम," मी म्हणाले, "चाळीसच का?"